परदेशात नवीन आहे आणि गरजू मुलांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोलीची एक मुलगी, इथे मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होती. नवरा स्टाफ नर्स, त्याला इंग्लंडला हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली म्हणून दोघं आणि चार वर्षांचा मुलगा असे सगळे स्विंडनला गेलेत, सहा-सात महिने झाले. नवरा शिफ्टला गेला की घर खायला उठतं, इंग्रजी वाचता येतं पण बोलायची भीती वाटते, आणि तिला तिकडच्या गरजू मुलांसाठी काहीतरी करायचंय. विचारतेय की माझ्यासारखीला कुणी घेईल का, व्हिसाला चालतं का, त्याने तिकडे मन रमेल का, आणि मुलाला सोबत नेलं तर चालेल का.

तू वयाने लहान असशील म्हणून तूच म्हणते हं. मी म्हापशाच्या बाजूला बरीच वर्षं बिगारी कामाला आलेल्या लोकांच्या मुलांचे संध्याकाळचे वर्ग चालवते, आधी जवळजवळ सगळी कर्नाटकातली, लमाणी जास्त, आता झारखंड-ओडिशाचीही असतात. आणि हा गोवा, त्यामुळे ऑक्टोबर उजाडला की परदेशी व्हॉलंटियर विचारत येतात, आम्हाला मुलांसोबत काम करायचंय म्हणून. तू आज ज्या जागी आहेस त्या जागी उभी असलेली कितीतरी माणसं मी समोरून बघितलीत, त्यातली कोण मुलांच्या कामी आली आणि कोण नाही हेही बघितलंय, त्यामुळे माझं उत्तर थोडं त्या बाजूने येणार.

तुला घेतील. नक्की घेतील. शिकवण्याचा अनुभव असलेली, दिवसा वेळ असलेली बाई कुठल्याही देशात लागतेच. पण घेतल्यावर तू मुलांना काय देणार हे आधी बघू, कारण तिथेच सगळं अडतं.

आमच्याकडे तिसरीतली एक मुलगी होती. तिला इंग्रजीत रंग यायचे, फळं यायची, प्राणी यायचे, डोकं-खांदे-गुडघे हात लावून दाखवता यायचे. नवीन गोरी बाई वर्गात आली की ही सगळ्यात पुढे, हात धरणार, केसांना हात लावणार, नाव विचारणार, मांडीवर बसणार. येणाऱ्याला वाटायचं बघा किती लळा लागला लगेच. आणि त्याच मुलीला ४२ मधून १७ वजा करायला दिले की ती ३५ लिहायची, म्हणजे २ मधून ७ जात नाहीत म्हटल्यावर सरळ उलटं करून ७ मधून २ काढायची आणि पुढे जायची. दर सीझनला कुणीतरी येऊन तिला रंग पुन्हा पहिल्यापासून शिकवत होतं, मग विमान धरून परत जात होतं, आणि हातचा घ्यायला शिकवायला कुणी थांबलंच नाही, कारण त्यासाठी एकाच माणसाला एकाच मुलीजवळ काही आठवडे बसावं लागतं आणि त्यात फोटो काढण्यासारखं काहीच घडत नाही.

तिला तो शिकवला एका निवृत्त बाईंनी. त्या हिवाळ्याचे महिने इकडे राहायच्या, दर वर्षी यायच्या, वर्गाला फक्त मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी दीड तास. मराठी येत नव्हती, हिंदी जेमतेम. आईस्क्रीमच्या काड्या धुऊन आणायच्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधायचे, ४२ म्हणजे चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या. सात काढायच्या तर सुट्ट्या पुरत नाहीत, मग पोरीनेच एका गठ्ठ्याचं रबर काढायचं आणि दहा काड्या जमिनीवर पसरायच्या. बाई काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघत बसायच्या. पोर चुकली तरी लगेच हात घालायच्या नाहीत. कधीतरी दोन-तीन आठवड्यांनी ती पोर काड्या न घेता वहीतच बरोबर करायला लागली. त्या बाई कधी मुलांना मिठी मारताना किंवा चॉकलेट वाटताना मला दिसल्या नाहीत, पण मंगळवारी चारला त्या येणार म्हणजे येणार हे मुलांना माहीत होतं, आणि ज्या मुलांच्या घरात आज काम आहे उद्या नाही, आज ही खोली उद्या दुसरी, बाप गावाला गेला तर कधी येईल पत्ता नाही, त्या मुलांना असं एक तरी माणूस मिळणं ही फार मोठी गोष्ट असते.

म्हणून तुला पहिला सल्ला हाच की थोडं घे पण तेच सतत कर. आठवड्यातून एक दुपार, एकच जागा, शक्यतो तीच मुलं, निदान एक अख्खं शालेय वर्ष. आणि हे जमायचं तर आधी स्वतःचं थोडं बस्तान बसू दे. नवऱ्याच्या शिफ्टचा अंदाज यायला हवा, जीपीकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवून झालेलं हवं, कुठली बस किती वाजता हे अंगवळणी पडायला हवं. आणि पहिला हिवाळा कसा जातो तेही बघ, डिसेंबरात तिकडे चारच्या सुमाराला काळोख पडतो, आपल्याकडून गेलेली भली भली माणसं त्या दिवसांत खचतात. ऑक्टोबरात तीन-तीन ठिकाणी हो म्हणून जानेवारीत एकेक सोडणं, यापेक्षा आत्ता चौकशी करून ठेवून नव्या टर्मला सुरू केलेलं केव्हाही चांगलं. तिकडे वर्ष सप्टेंबरला सुरू होतं आणि जुलैत संपतं, मध्ये नाताळ आणि ईस्टरच्या सुट्ट्या, शिवाय प्रत्येक टर्मच्या मध्यावर एक आठवडा.

आता कागदपत्रं. व्हिसाचं म्हणशील तर नवऱ्याच्या वर्क व्हिसावर डिपेंडंट म्हणून गेलेल्याला नोकरीही करता येते, तेव्हा व्हॉलंटियरिंगला अडचण नाही. स्टुडंट व्हिसावाल्यांनी मात्र जपायचं, कारण पगार नसला तरी ठरलेल्या जबाबदारीचं काम असेल तर ते टर्ममधल्या तासांच्या मर्यादेत मोजलं जाऊ शकतं, युनिव्हर्सिटीला विचारूनच करावं. आणि सासू-सासरे व्हिजिटर म्हणून आले आणि त्यांनाही हौस आली तर त्यांना नोंदणीकृत चॅरिटीसाठी जास्तीत जास्त ३० दिवस.

मुलांसोबत काम म्हटलं की डीबीएस चेक आलाच, म्हणजे गुन्हेगारी रेकॉर्डची तपासणी. ती संस्था किंवा शाळाच करून घेते, व्हॉलंटियरला त्याची सरकारी फी नसते. मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते द्यावे लागतात, त्यात तुझा डिचोलीचा पत्ताही आला, आणि तू आत्ताच भारतातून गेलीस म्हणून ते इथलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागू शकतात. हे इथे असताना पासपोर्ट सेवेतून सोप्यात होतं (अजून निघायच्या आहेत त्यांनी काढूनच निघा), तिकडून करायचं तर भारताच्या हायकमिशनकडे अर्ज, तो व्हीएफएसमधून (असे अर्ज घेणारी खाजगी कंपनी) जातो, मग कधी कधी चौकशी इथल्या पोलीस स्टेशनला येते. तेव्हा घरी सांगून ठेव, नाहीतर पोलीस दारात बघून घरची माणसं घाबरायची. दोन ओळखीच्या माणसांची नावंही मागतात, नातेवाईक चालत नाहीत. जुन्या शाळेच्या हेडबाईंना आधी फोन करून सांग की इंग्लंडहून ईमेल येईल, बघा आणि उत्तर द्या, कारण आपल्याकडे ईमेल कुणी रोज उघडत नाही आणि तिकडे उत्तर आलं नाही तर अर्ज तसाच पडून राहतो. संस्था खरी आहे का हे चॅरिटी कमिशनच्या वेबसाईटवर नाव घालून दोन मिनिटांत कळतं.

एवढं सगळं कशाला, मी काय चोर आहे का, असं वाटेल. इथे माझ्याकडे येणाऱ्यांनाही वाटतं, मी त्यांच्या देशाचं पोलीस सर्टिफिकेट मागते तेव्हा काहींचं तोंड पडतं. पण आपण गोव्याची माणसं आहोत, आपल्याला हे कुणी शिकवायची गरज नाही. मडगावात फ्रेडी पीट अनाथ मुलांचा आधार म्हणून मिरवत होता, १९९१ मध्ये पकडला गेला आणि त्याने मुलांचं लैंगिक शोषण केलं होतं ते बाहेर आलं, १९९६ मध्ये जन्मठेप झाली. शेजारपाजारचे, ओळखीचे लोक त्याला देवमाणूस समजत होते. गोव्याने २००३ मध्ये मुलांसाठी स्वतःचा वेगळा कायदा केला, बालन्यायालय आणलं, त्याच्या मागे हीच सगळी जखम आहे. त्यामुळे जी संस्था पहिल्याच दिवशी, काही न विचारता, तुला मुलांमध्ये सोडते तिथे परत जाऊ नकोस, मग ती स्विंडनची असो की शिवोलीची.

गरजू मुलं तुला तिकडे पटकन ओळखू येणार नाहीत हे लक्षात ठेव. इथे कळतं, पायात चप्पल नसते, धाकट्याला कडेवर घेऊन वर्गात येतात. तिकडे सगळ्यांना युनिफॉर्म, सगळ्यांच्या पायात बूट, दहा वर्षांच्या पोराच्या हातात फोन. पण घरात हीटिंगचं मीटर आधी पैसे भरायचं असतं आणि महिनाअखेरीला ते बंद असतं. किंवा कौन्सिलने, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेने, तात्पुरत्या घरात ठेवलंय आणि परत हलवणार आहेत. किंवा आई आजारी आणि मूलच तिची औषधं, धाकट्यांचे डबे बघतं, अशा मुलांना तिकडे यंग केअरर म्हणतात. इंग्लंडमध्ये २०१४ पासून अगदी लहान वर्गांना शाळेत दुपारचं जेवण सगळ्यांनाच फुकट असतं, त्यामुळे तिथे तर कुणाची परिस्थिती काय हे ताटावरूनही कळत नाही, आणि ते बरंच आहे. तू कुणाची परिस्थिती खोदून विचारू नकोस, तुला जे माहीत असणं गरजेचं आहे ते शाळा सांगेल.

काम कुठलं म्हणशील तर तुला दोन सुचवते. एक, प्राथमिक शाळेत मुलांचं वाचन ऐकणं. घरी ज्यांचं कुणी ऐकत नाही अशी मुलं शाळा काढून देते, तू शेजारी बसायचं आणि एकेकाने दहा-पंधरा मिनिटं वाचायचं. तुझ्या इंग्रजीची भीती तू इथे बाजूला ठेव, कारण इथे बोलायचं मुलाने आहे. एवढं मात्र आधी शिकून घे की तिकडे वाचायला फोनिक्सने शिकवतात, अक्षराचं नाव नाही, आवाज. आणि तो आवाजही सुटा, मागे 'अ' न लावता, आपण मराठीवाले पायमोडक्या अक्षराचा उच्चार करतो ना तसा. तुला हे चटकन जमेल. शाळेला विचार, त्यांची जी पद्धत असेल ती दाखवतात, स्वतःची चालवू नकोस. मूल अडलं तर मनात पाचपर्यंत मोज, मग मदत कर.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, स्विंडनला गोंयकार, म्हणजे आपली गोव्याची माणसं, किती आहेत तुला आता दिसलंच असेल, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेली घरंच्या घरं आहेत. त्यांच्यातली काही मुलं इथे आजी-आजोबांकडे वाढलेली आणि आठ-दहा वर्षांची झाल्यावर नेलेली असतात, अशी मुलं मी इथून जाताना बघितली आहेत. नवी भाषा, नवी थंडी, आणि कित्येक वर्षं फोनवर बघितलेले आई-वडील, तेही दोघं वेअरहाऊसला शिफ्टमध्ये. असं मूल वर्गात गप्प बसतं आणि बाईंना वाटतं त्याला काही येत नाही. तुला कोंकणी येते, हिंदी येते, तू शिक्षिका आहेस. शाळेला लिहिताना हे पहिल्या ओळीत लिही. याला गणित येतंय, फक्त इंग्रजीतला प्रश्न कळत नाहीये, एवढं एक वाक्य वर्गशिक्षिकेला सांगणारं कुणी भेटलं तरी त्या पोराचं वर्ष वाचतं.

हे दोन्ही व्हायला वेळ लागेल, डीबीएस यायचा असेल, तर तोवर फूड बँकेत, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देतात तिथे, डबे लावायला जा, नाहीतर जुने युनिफॉर्म गोळा करून वाटतात तिथे. उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांच्या सुट्टीत शाळेचं जेवण बंद असतं, म्हणून कौन्सिलतर्फे गरजू मुलांना खेळ आणि जेवण असे क्लब चालतात, २०२१ पासून इंग्लंडभर आहेत, तिथे माणसं हवीच असतात. आणि अशा कामात तुझं बोलणं सुटेल, शेजारी डबे लावणारी बाई बोलणारच तुझ्याशी, हवामानाबद्दल का होईना.

यावरून तुझ्या एकटेपणाकडे येते, कारण खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. माझ्याकडे आलेली चांगली माणसंसुद्धा बऱ्याचदा त्यातूनच आली होती. पण ती भूक मुलांकडून भागवायची नाही गं. मूल गळ्यात पडलं की आपल्याला बरं वाटतं, आपण कुणाला तरी हवेसे आहोत असं वाटतं, मग आपण नकळत तेच शोधायला लागतो, जे मूल चिकटतं त्याच्याजवळ जास्त बसतो आणि जे कोपऱ्यात तोंड फिरवून बसलंय ते तसंच राहतं. तुझ्या मैत्रिणी मोठ्या माणसांतून होऊ देत, त्या दुसऱ्या व्हॉलंटियर, शाळेच्या किचनमधल्या बायका, गेटवर मुलाला न्यायला येणाऱ्या आया. मन रमेल का विचारलंस, रमेल, पण असं आजूबाजूने रमेल आणि वेळ घेईल. चवथीला, गणपतीत, तर रडू येणारच, त्या दिवशी कामाला सुट्टी घे आणि घरी पातोळ्या कर.

काही नियम तुला तिकडे कोरडे वाटतील. आपण मूल रडलं की उचलून घेतो, पापी घेतो, डब्यातलं खायला देतो. तिकडे मुलासोबत एकटं बंद खोलीत बसायचं नाही, दार उघडं ठेवायचं, स्वतःहून मिठी मारायची नाही, खाऊ द्यायचा नाही कारण ॲलर्जी असते, भेटवस्तू नाहीत, फोटो अजिबात नाहीत, फोन नंबर किंवा इन्स्टा मागितलं तर नाही म्हणायचं. खरं सांगू का, मी हेच सगळे नियम इथे म्हापशाला लावलेत आणि त्याने प्रेम कमी झालेलं मला दिसलं नाही.

आणि एक गोष्ट नीट वाच. कधीतरी एखादं मूल वाचता वाचता मध्येच काहीतरी बोलेल. घरी मारतात, किंवा अमका असं करतो, किंवा नुसतं मला आज घरी जायचं नाहीये. तेव्हा चेहरा घाबरा करू नकोस. ऐक. खोदून प्रश्न विचारू नकोस, 'काकांनीच केलं का' असं तर कधीच नाही, कारण तू घातलेला शब्द मग मुलाच्या तोंडी राहतो आणि पुढे तपासात घोळ होतो. कुणाला सांगू नका म्हणालं तर हो म्हणू नकोस, सांग की तू सांगितलंस ते चांगलं केलंस, पण तुला मदत करणाऱ्या बाईंना मला सांगावं लागेल. मग त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, शाळेत त्यासाठी नेमलेलं माणूस असतं, सेफगार्डिंग लीड म्हणतात, त्यांना मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून दे, तारीख वेळ घालून. नवऱ्यालाही घरी येऊन नाव सांगू नकोस, आणि गोंयकार समाजात तर मुळीच नाही, तिथे संध्याकाळपर्यंत सगळीकडे होतं. इथे पोक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) न कळवणं हाच गुन्हा आहे, १०९८ ला फोन करता येतो, तिकडे मुलांना स्वतःला फोन करता येईल अशी चाइल्डलाइन १९८६ पासून आहे, नंबर ०८०० ११११, तो शाळेच्या भिंतीवर लावलेला असतो. मूल जिवाच्या धोक्यात असेल तर ९९९.

सोडायची वेळ आली, नवऱ्याची बदली झाली किंवा तुला नोकरी लागली, तर महिनाभर आधी सांग आणि मुलांनाही सांग, किती मंगळवार राहिलेत ते कॅलेंडरवर त्यांना खुणा करू देत. परत येईन म्हणू नकोस, येणार नसशील तर.

राहिला तुझा मुलगा. त्याला सोबत नेऊ नकोस. त्याचा विमा नसतो, तुझं अर्धं लक्ष त्याच्याकडे जातं, आणि ज्या मुलाला आईचा वेळ मिळत नाही त्याच्यासमोर तू तुझ्या पोराला सतत जवळ घेत असतेस, ते त्याला बघायला लागतं. चार वर्षांचा आहे म्हणजे आता नाहीतर येत्या सप्टेंबरला तो रिसेप्शन वर्गात, म्हणजे तिकडच्या शाळेच्या पहिल्यावहिल्या वर्गात, जाईल, त्याच्या शाळेच्या वेळेतच तुझी दुपार बसव. आणि पहिलं वर्ष त्याच्याच शाळेत मागू नकोस, दुसरी शाळा बघ, नाहीतर तो तुला वर्गाबाहेर बघून रडेल आणि त्याचं तिथे रुळणं लांबेल. बस भाड्याचे पैसे बहुतेक संस्था देतात, ते मागायला संकोच करू नकोस, तिकिटं जपून ठेव.